लाल दिवा लागत नाही

६ फेब्रुवारी

चि. चिमटा,

आशीर्वाद. तो द्यायचा हक्क मला अजून उरलाय की नाही, हे वकिलाला विचारलेलं नाही. वाया गेला तर गेला.

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. कुणी गेलेलं नाही. काम आहे. दुसरं कुणी असतं तर विचारलं नसतं, पण माझ्या हाताखाली शिकून माझ्यापेक्षा बारीक सोल्डरचा डाग देणारी तू एकटीच निघालीस, आणि तीही सून निघालीस. आता सूनही नाहीस. तेव्हा 'चिमटा'च म्हणतो. ते नाव तुला मी दुकानात दिलं होतं, लग्नात नव्हे. कोर्टात ते परत करावं लागत नाही.

घरातला टीव्ही मेलाय. हिच्या खोलीतला, भिंतीजवळच्या टेबलावरचा. लाल दिवा लागत नाही. फ्यूज शाबूत आहे. मोठ्या कंडेन्सरवर तीनशेच्या वर व्होल्ट मिळतात, म्हणजे वीज दारातून आत येते, बैठकीत बसते आणि पुढे स्वयंपाकघरात काही जात नाही. आउटपुटला पाच व्होल्ट हवेत, तिथे शून्य. आकडा जरासा नाचतो, पण हल्ली माझे हातही नाचतात, त्याला मीटर बिचारं काय करणार. आवाज म्हणशील तर अजिबात नाही. ना टिकटिक, ना शिट्टी. गपगार.

आता म्हणशील, बाबा, नवा बोर्ड टाका. या मॉडेलचा बोर्ड मिळत नाही. आणि मिळत असता तरी टाकला नसता, त्याचं कारण चिरंजीव.

चिरंजीवांची बदली झाली आहे. मार्चअखेर जायचं. आम्हा दोघांना बरोबर न्यायचं त्याने ठरवलंय, म्हणजे आमच्या वतीने ठरवलंय. दुकानाची जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला द्यायची म्हणतो. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, घरातला टीव्ही आठवडाभर मेलेला पडलाय आणि तो तुम्हाला उठवता येत नाही. दुकान कसलं चालवता?" बोलणं लागलं. मी म्हणालो, हा टीव्ही तू जायच्या आत, नवा बोर्ड न टाकता चालू केला तर आम्ही इथेच राहणार आणि दुकानही राहणार. नाही झाला तर किल्ली तुझी. तो म्हणाला, "चालेल." इतक्या लवकर म्हणाला की मलाच जरा भीती वाटली.

तुझ्या सासूबाईंचं (माजी सासूला काय म्हणतात?) तुला कळलं नसेल. डिसेंबरात बाथरूममध्ये घसरली. कंबरेचं हाड. आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते. मी त्या वेळी घरातच होतो, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. शेजारच्या बाई धावत आल्या तेव्हा कळलं. आपल्या घराच्या भिंती जाड आहेत. पडल्यापासून ही फार शांत झाली आहे. बोलणं नाही, भांडी आपटणं नाही. म्हातारपणी येतं शहाणपण, उशिरा का होईना.

बोर्डाचं चित्र मागे काढलंय. तुला काय वाटतं ते कळव. पत्रानेच कळव. फोन करू नकोस, दुकानात गर्दी असते.

बाबा

१५ फेब्रुवारी

चि. चिमटा,

तुझं पत्र मिळालं. चित्रातली माझी चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. डायोड उलटा काढला गेला, चष्मा दुसरा होता.

तू फोन केलास तो मीच उचलला होता. लाइनीत खरखर होती. तू पत्रात लिहितेस, "मी विचारलं आई कशा आहेत, तर तुम्ही म्हणालात, हो हो, बदलून पाहिला." असेल. त्या वेळी डोक्यात रेझिस्टन्स होता. म्हणून तर म्हणालो होतो, पत्र लिही. माणूस पत्र दोनदा वाचू शकतो.

आता मुद्द्याचं. तू विचारतेस, "आकडा नाचतो म्हणजे कसा नाचतो? एका लयीत? नक्की टिकटिक नाही ना? कान लावून पाहा." अगं, कान लावून? ज्या माणसाने सगळा जन्म कानाने दुरुस्त्या केल्या त्याला तू कान लावायला शिकवतेस? तुला तरी हे कुणी शिकवलं? तूच काउंटरवर डोळे मिटून बसायचीस आणि मी म्हणायचो, सांग, हा कुठे दुखतंय म्हणतो. पॉवर सप्लाय टिकटिक करत असेल तर तो जिवंत आहे, उठायचा प्रयत्न करतोय, पण काहीतरी त्याला खाली ओढतंय. गप्प असेल तर त्याला उठवणाराच मेलाय. हे वाक्य माझं आहे. तुझ्या त्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तुझं म्हणून खपवत असशील तर खपव, पण मलाच ऐकवू नकोस.

टिकटिक नाही. लिहून घे.

मग तू म्हणतेस तसं, की गप्पच असेल तर सप्लाय चालवणाऱ्या आयसीला उठवणारा रेझिस्टन्स पाहा, आणि तो ठीक असला तर आयसीच बदला. रेझिस्टन्स काढून मोजला. चांगला निघाला, तरी बदलला. लाल दिवा नाही. आयसी मागवलाय.

काम हिच्या खोलीतच करतो. टीव्ही दुकानात नेता आला असता, पण रस्त्यातून मेलेला टीव्ही घेऊन चाललो की कव्हरवाला पाहणार. तो रोज समोरच्या टपरीवर चहा पितो आणि माझ्या शटरची रुंदी डोळ्यांनी मोजतो. एकदा आत येऊन म्हणाला, "काका, ही मागची भिंत पाडता येईल का?" मी म्हणालो, "हो, आधी मला पाड." त्यावर तो काहीतरी म्हणाला आणि हसला. मीही हसलो.

तू लिहिलंस, आई कशा आहेत ते सांगा. ठीक आहे. मी काम करत असलो की भिंतीकडे तोंड करून पडते. उशी डोक्याखाली घ्यायच्या ऐवजी कानावर घेऊन झोपायची नवी सवय लागली आहे. डॉक्टरांना विचारायला हवं, मानेला बरं नाही.

बाबा

२ मार्च

चि. चिमटा,

आयसी आला, बसवला. लाल दिवा नाही.

मी तो काढून पुन्हा बसवला. पाय एकेक करून तपासले. भिंगाखाली एकही डाग कच्चा दिसला नाही. इतके सुंदर डाग मी गेल्या कित्येक वर्षांत दिले नव्हते, आणि टीव्ही मेलेलाच. सुंदर डाग दिलेला मेलेला टीव्ही.

आणखी एक त्रास सुरू झालाय. मी टीव्हीची पिन लावून दुकानात जातो. म्हटलं, वीज चालू ठेवून दिवसभर ठेवला की गरम झाल्यावर एखादा भाग आपली लबाडी दाखवतो, मग संध्याकाळी मोजावं. परत येतो तर पिन काढलेली. एकदा नाही, रोज. चिरंजीवांना विचारलं, "हा काय प्रकार? हरायची भीती वाटते म्हणून पिन काढतोस?" तो तोंडाकडे बघत राहिला. मग बराच वेळ काहीतरी बोलला, हातवारे करून. मी म्हणालो, "बरं बरं." तो आणखी चिडला. हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. शब्द चावून चावून अर्धे गिळतात, आणि वर आपणच ऐकत नाही म्हणतात.

सामान बांधायला सुरुवात झाली आहे. माझे जुने मीटर त्याने एका खोक्यात भरले आणि वर लिहिलं, 'भंगार?' प्रश्नचिन्ह घातलं, तेवढी लाज ठेवली. मी ते खोकं उघडून सगळे पुन्हा फळीवर मांडले.

मला सरळ सांग, चिमटा, मी कुठे चुकतोय? तू इथे असतीस तर दुपारच्या आत टीव्ही चालू झाला असता, हे मला कळतंय. तू नाहीस म्हणून कुढत नाही. पटलं नाही, तू गेलीस, झालं. चिरंजीव वाईट नाही, तूही वाईट नाहीस. वेगवेगळ्या व्होल्टेजची दोन यंत्रं एका पिनेवर लावली, तर यंत्रांना का नावं ठेवा. पण दुकान गेलं तर त्या नव्या गावात मी सकाळी उठून काय करणार, याचं उत्तर मला सापडत नाही. चिरंजीव म्हणतो, "आराम करा." आराम म्हणजे काय करायचं असतं? तुला माहीत असेल तर तेही कळव.

आयसी पुन्हा काढू का?

बाबा

११ मार्च

चि. चिमटा,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितोय, कारण सांगण्यासारखं आहे आणि इथे कुणाला सांगावं ते कळत नाही.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. (दुकानात गर्दी असते हे मी तुला खोटं लिहिलं होतं. कुणी नसतं.) म्हटलं, आज पिन काढणाऱ्याला रंगेहाथ पकडू. नेहमीच्या वेळेआधी घरी गेलो. चिरंजीव ऑफिसात होता. खोलीचं दार लोटलं, तर ही वॉकर सोडून, एका हाताने टेबल धरून, दुसऱ्या हाताने पिन उपटत होती. ज्या बाईला डॉक्टरने वाकायचं नाही म्हणून बजावलंय, ती बाई.

मी ओरडलो. तीही ओरडली असावी. तोंड हलत होतं. मी म्हणालो, "हो हो, आधी बस." तिने माझ्याकडे पाहिलं, मग औषधाचं रिकामं खोकं उचललं, माझ्या खिशातला मार्कर काढला आणि खोक्यावर लिहून माझ्या नाकासमोर धरलं:

'ही टिकटिक बंद करा, नाहीतर टीव्ही बादलीत बुडवीन.'

मी म्हणालो, "कसली टिकटिक?"

ती थांबली. पिन पुन्हा लावली. बोटाने टीव्हीकडे दाखवलं. मी पाहिलं. टीव्ही होता तसाच होता, गपगार. मी मान हलवली. तेव्हा तिने उशाशी असलेली स्टीलची वाटी घेतली, मला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं आणि माझ्या पाठीमागे काहीतरी केलं. मी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं तर ती चमच्याने वाटी बडवत होती. चांगली जोरात. हात दिसत होता ना. मग शेजारच्या बाई दारात आल्या, काय झालं म्हणून.

म्हणजे हे असं आहे, चिमटा. फोनचं मला माहीत होतं. फोनमध्ये माणसं मुंग्यांसारखी बोलतात हे मला वर्षभरापासून माहीत होतं, आणि ते मी सगळ्यांपासून लपवलं. बाकीचं खरंच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, जग जरा सभ्य झालंय. गिऱ्हाइकं हळू बोलतात, रस्त्यावर गाड्या कमी झाल्यात, ही भांडी आपटत नाही. मला बरंच वाटत होतं.

ही पलंगावर बसली. खोक्याची दुसरी बाजू फाडून तिने लिहिलं, 'मी डिसेंबरपासून तुमच्याशी बोलत नाहीये. कळलं नाही?'

मी म्हणालो, "नाही."

तिने हात कपाळावर मारला. अगं, या बाईने तीन महिने माझ्याशी अबोला धरला होता, आणि मी तुला लिहीत होतो की ती शांत झाली. रागाने पेटून तिने एकही शब्द बोलायचा नाही असं ठरवलं, जीभ चावून ठरवलं असेल, तिचा स्वभाव तुला माहीत आहे, आणि मला तो आरामात सोसला. माझ्या उत्तरावर ती हसायला लागली. हसताना कंबर दुखली म्हणून रडली. मग पुन्हा हसली. मी पाणी दिलं.

मग म्हणालो, "टिकटिक आहे ना? मग सप्लाय जिवंत आहे. बस इथे. टिक झालं की बोट वर कर."

ही खुर्चीत बसली. मी पिन लावली. बोट वर, खाली. वर, खाली. एका लयीत, मीटरच्या आकड्याबरोबर. तुझा आकडा, चिमटा. माझे हात नव्हते नाचत. मेनबोर्डला जाणारी केबल सोडवली. बोट चालूच. म्हणजे पुढचं कुणी खाली ओढत नव्हतं, दुखणं सप्लायच्याच पोटात होतं. तुला आत्तापर्यंत कळलंही असेल. आयसीच्या शेजारचा तो वाटाण्याएवढा कंडेन्सर. आयसीला उठवायचं काम रेझिस्टन्सचं आणि उभं ठेवायचं काम त्या टिल्ल्याचं. तो आतून सुकलेला. आयसी उठे आणि बसे, उठे आणि बसे. वरून दिसायला गुळगुळीत, नवा कोरा. उठवणारा मेला या समजुतीने आपण त्याच्या दोन्ही बाजूंचे भाग बदलले आणि मधल्याकडे पाहिलं नाही. तू पाहिलं असतंस. तू विचारलंही होतंस. मी लिहिलं, लिहून घे.

मोठा कंडेन्सर बल्ब लावून रिकामा केला, छोटा काढला, दुकानातून आणलेला बसवला. हात नाचत होते ते मात्र खरे माझेच. पिन लावली. हिच्या बोटाकडे पाहिलं. बोट एकदा वर झालं आणि तिथेच राहिलं. मला वाटलं, काय बाई हवेत बोट धरून बसली आहे. मग तिने तेच बोट टीव्हीकडे केलं. लाल दिवा लागला होता.

केबल जोडली, टीव्ही चालू केला. चित्र आलं. कुणीतरी बातम्या देत होतं. आम्ही दोघं ते तोंड हलवणारं माणूस पाहत बसलो.

थोड्या वेळाने तिने टीव्ही बंद केला. खोक्याची शेवटची बाजू उरली होती. तिने त्यावर लिहिलं, 'त्या दिवशी बाथरूममधून हाका मारल्या. पेपर वाचत होतात. पान उलटलेलं मला दिसलं. दार उघडं होतं.'

मी ते वाचलं. भिंती जाड नाहीत, चिमटा. शेजारच्या बाईंना तिकडे ऐकू गेलं. मी दहा पावलांवर होतो आणि मी पान उलटलं.

मी तिला म्हणालो, "ऐकू आलं नाही गं." हे मी फार मोठ्याने म्हणालो असणार, कारण तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

बाबा

१८ मार्च

चि. चिमटा,

तुझं पत्र आलं. तू पहिल्याच ओळीत लिहिलंयस, 'आयसी काढू नका, छोटा कंडेन्सर बघा, आणि बाबा, तुम्ही कानांच्या डॉक्टरकडे जा.' म्हणजे तुला तिथे बसून कळलं होतं. इतका बोर्ड वाचायला शिकलीस की माणूसही वाचायला लागलीस. बरं झालं. त्या सर्व्हिस सेंटरला सांग, पगार वाढवा.

पैज मी जिंकलो. चिरंजीव संध्याकाळी आला, टीव्ही चालू पाहिला. मागे हात घालून बोर्ड तोच आहे ना हेही पाहिलं. ऑफिसात शिकलाय, पडताळणी करतो. मग म्हणाला (आता सगळे माझ्यासमोर येऊन बोलतात, गुन्हेगारासारखं वाटतं), "बाबा, मानलं. राहा तुम्ही इथे. मी महिन्यातून एकदा येत जाईन."

मी म्हणालो, नको. दुकान बंद करू. आम्ही येतो तुझ्याबरोबर.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी त्याला सांगितलं, टिकटिकीचं आणि बाथरूमचं. तो काही बोलला नाही. म्हणजे खरंच बोलला नाही, मी तोंडाकडे नीट पाहत होतो. मग उठला आणि आईच्या खोलीत गेला.

तू म्हणशील कानाला यंत्र लावा. डॉक्टरकडे जाऊन आलो. एक यंत्र लावून पाहिलं. त्यात वाटीचा आवाज येतो, हिचा येतो, चिरंजीवाचाही येतो. पण डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली, वरचे बारीक आवाज मुळातच संपलेत, ते यंत्राने पण येणार नाहीत. मी विचारलं, टिकटिक? जळायच्या आधी कंडेन्सर जो बारीक सुस्कारा सोडतो, तो? त्याला कळलं नाही, पण उत्तर नाही असंच होतं. जळायच्या आधी न कळणाऱ्या माणसाने लोकांच्या घरातल्या विजेच्या वस्तू उघडू नयेत. हा हिशेब सरळ आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वाईट वाटतंय, ती गोष्ट वेगळी.

कव्हरवाल्याला एकतीस तारखेनंतर ये म्हणून सांगितलंय. तो माझ्या पाया पडला. हा मुलगा माझ्या मागच्या भिंतीचं काय करणार ते मला पाहायचं नाही.

मीटर, भिंगं, ट्रान्सफॉर्मरची खोकी, आणि तू निवडून ठेवलेल्या आयसींचे डबे आहेत. त्यांचं काय करू? तुझ्या उपयोगाचं असेल ते कळव. पार्सल करतो. भंगारवाला वजनावर घेतो, त्याच्याशी माझं पटणार नाही.

तुझी सगळी पत्रं मी हिला वाचायला दिली. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

बाबा

२१ मार्च

मी पत्र लिहीत नाही. शाळा सोडल्यावर हे पहिलंच. तेव्हा शुद्धलेखन काढू नकोस.

पत्ता ह्यांच्या पाकिटावरचा. ह्यांना माहीत नाही मी लिहितेय. माझ्या शेजारच्या खोलीत सामान भरतायत, आणि आता पलीकडे काय चाललंय ते कळत नाही त्यांना, एवढा एक फायदा.

तुझी पत्रं वाचली. कंडेन्सर आणि काय काय. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण प्रत्येकात शेवटी एक ओळ होती, आई कशा आहेत. ह्या माणसाने मला एकदाही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणतात, "तू बोलत नव्हतीस." आता बोल.

दुकान बंद करतायत ते माझ्यामुळे. मी हाका मारल्या आणि ते आले नाहीत, हे त्यांच्या मनात बसलंय. मला सारखं विचारतात, किती वेळा मारल्यास? काय म्हणालीस? आधी मला राग होता, तो गेला. ज्याला ऐकूच आलं नाही त्याच्यावर कसला राग. मी तीन महिने एका निर्दोष माणसाला जाळलं आणि त्याला ते कळलंही नाही. माझीच जळजळ माझ्याच पोटात.

मला त्या परक्या गावात जायचं नाही. हा माणूस आत्ता कुठे माझ्या तोंडाकडे बघून माझं ऐकायला लागलाय. तिकडे गेला की दिवसभर खिडकीत बसेल आणि महिन्याभरात भिंतीसारखा होईल. मी परवा वॉकर घेऊन दुकानात गेले. लग्नानंतर पहिल्यांदा तिथल्या खुर्चीवर बसले. मला दुकान कधी आवडलं नाही. त्यात तू सगळा दिवस घालवायचीस, म्हणून तर जास्तच आवडलं नाही. घरात माझ्याशी बोलायला कुणी नसायचं, तुम्ही दोघं तिकडे टीव्हीची पोटं फाडत बसायचात. हे मी तुला कधी सांगितलं नाही. भांडी आपटली फक्त.

एक बाई मिक्सर घेऊन आली. मी कान लावला. म्हटलं, हा घरघरतोय. हे म्हणाले, "म्हणजे कसा घरघरतोय?" मला सांगता आलं नाही. घरघरतोय म्हणजे घरघरतोय! ह्यांनी मिक्सर परत दिला. ती बाई गेल्यावर बराच वेळ हातातला स्क्रूड्रायव्हर पुसत बसले.

तुला कान आहेत आणि तुला कळतं. मुलगा तिकडे जाणार आहे, इथे नसेल. तू ये आणि दुकान चालव. सून म्हणून नको, ते संपलं, मी तो शब्द काढणार नाही. मालकीण म्हणून ये. दुकानामागची खोली रिकामी आहे. तिची भिंत अजून कुणी पाडलेली नाही. तुझी तिकडे मोठी नोकरी आहे, तेव्हा नाही म्हणालीस तरी मी समजेन. पण कव्हरवाला एकतीसला येईल, त्याआधी काय ते कळव.

आणि एक विचारायचं आहे. त्यासाठीच खरं लिहायला बसले.

तू गेलीस त्या दिवशी घरात मी एकटी होते. तू बॅग घेऊन खाली उतरलीस. मी आत होते, मुद्दाम आले नाही. मग गॅलरीत आले. तू गाडीत बॅग ठेवत होतीस. मी तुला हाक मारली. चांगली मोठ्याने मारली, दोनदा. थांब म्हणाले. तू वळली नाहीस, दार लावून घेतलंस. मी तिथेच ठरवलं, हिने ऐकलं आणि वळली नाही. त्या दिवसापासून घरात तुझं नाव निघू दिलं नाही मी.

गाडीचं इंजिन चालू होतं, हे मला परवा आठवलं.

तुला ऐकू आलं होतं का गं?

आई